मेस्त्रींचा शुक्रवार

काशिनाथ मेस्त्रींशी बोलायचं म्हणजे आधी घसा खाकरून घ्यावा लागे. भिवंडीत नारपोलीला त्यांचं गॅरेज म्हणजे एका मोठ्या पॉवरलूमच्या शेडला टेकवलेली छोटी पत्र्याची शेड. भिंतीपलीकडे अठ्ठेचाळीस लूम, दोन्ही शिफ्टला चालू. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्यावर कशाला भडकलाय? नंतर कळलं की "काय झालं गाडीला?" एवढंच ते विचारत होते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी मोटरसायकल काढायची, पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी, अकलोली असं फिरत गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने गोळा करायचे आणि दुपारच्या आत भिवंडीत आणून द्यायचे, हे माझं काम. सतरा वर्षं हेच काम आणि सतरा वर्षं हीच गाडी. गोडाऊनकडे निघालेल्या कंटेनरच्या मागून धूळ खात जाताना कधी कधी वाटतं की गाडी आणि मी, दोघांनाही एकदमच कोणीतरी रजा द्यावी. तर या गाडीमुळे मेस्त्री माझ्या आयुष्यात आले. ते मला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणत. मी एकदा म्हटलं, "मेस्त्री, मी डॉक्टर नाही हो." त्यावर ते म्हणाले, "सुई टोचतोस ना? मंग झालास तर."

मेस्त्री नारपोलीचेच. खाडीकडे त्यांच्या भावकीची जमीन होती, तिच्यावर आता गोडाऊनं उभी आहेत. भावकीतले लोक पांढऱ्या गाड्यांतून फिरतात. मेस्त्रींना या गाड्यांविषयी आकस नव्हता, फक्त त्यांच्या इंजिनांविषयी कुतूहल नव्हतं. "त्याच्यात कॉम्प्युटर हाय. त्याच्याशी काय बोलायचं?" असं म्हणून ते पुन्हा कोणाच्या तरी पंधरा-वीस वर्षं जुन्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसत. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गाड्यांची मात्र त्यांनी नावं ठेवली होती. कोणाची 'धूरवाली', कोणाची 'हट्टी'. माझी 'खोकलेली'. मी गल्लीत शिरलो की "खोकलेली आयली" असा पुकारा होई, आणि आसपासचे लोक मला क्षयाचा पेशंट समजून बघत.

गाडीचं बाकी काम ते कधीही करत. ब्रेक, चेन, प्लग, कार्ब्युरेटर, जे असेल ते. पण इंजिनाचा निकाल फक्त शुक्रवारी. इंजिनातून आवाज येतोय, खोलायचं की तसंच चालवायचं की टाकूनच द्यायचं, असा प्रश्न घेऊन सोमवारी गेलात तर ते इंजिनाकडे बघतसुद्धा नसत. "शुक्रवारी ये."

कारण अगदी सरळ होतं. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी अठ्ठेचाळीस लूम बंद होत आणि गल्लीत अचानक माणसांचे, भांड्यांचे, कावळ्यांचे आवाज ऐकू यायला लागत. इतर वारी त्या गल्लीत इंजिनाची नाडी बघणं अशक्यच होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मेस्त्रींच्या दारात सात-आठ मोटरसायकली आणि त्यांचे काळजीत पडलेले मालक ओळीने उभे असत. माझ्या लॅबच्या बाकड्यावर रिपोर्टची वाट बघत बसलेले लोक असतात ना, तसेच चेहरे.

मेस्त्री येत, हातातलं घड्याळ काढून खिळ्याला अडकवत आणि पहिली गाडी सुरू करायला सांगत. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेत. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे. टोक वर सरकवायचं, खाली सरकवायचं, बाजूला न्यायचं. तेवढा वेळ कोणी खोकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. मग डोळे उघडून ते एकच शब्द बोलत. "चालंल." किंवा "खोलू." किंवा "सोड." चालंल म्हणजे काही करायचं नाही. खोलू म्हणजे दुरुस्ती. सोड म्हणजे या इंजिनाचा नाद सोड. कारण विचारलं तर सांगत नसत, आणि पुढची गाडी ओढायला लावत.

'सोड' ते फार क्वचित म्हणत. बाकीचे मेकॅनिक जिथे सरळ दुसरं इंजिन बसवायचा सल्ला देत, तिथे मेस्त्री महिनाभर खटपट करत. सलीमभाई नावाचे एक विणकर होते, आझमगढकडचे, पलीकडच्याच शेडमध्ये ड्युटीला. त्यांच्या गाडीतून असा काही कडकडाट येई की तीन गॅरेजवाल्यांनी तिचं इंजिन गेलं म्हणून सांगितलं होतं. सलीमभाई शुक्रवारी नमाज पढून आले ते जवळजवळ सुतकी चेहऱ्याने. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर लावला, एका जागी बराच वेळ धरला आणि म्हणाले, "खोलू." सलीमभाई घाबरले. "मेस्तरी, सब बोल रहे इंजन बदल डालो."

"सबने सुना क्या? सबने देखा," मेस्त्री म्हणाले. "तेरा लूम आवाज करता है, तो तू लूम बदलता है क्या?"

खोललं, तर टायमिंग चेन सैल झाली होती, बाकी इंजिन ठणठणीत. सलीमभाईंनी मेस्त्रींचे ऑइलने काळे झालेले दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या डोळ्यांना लावले. मेस्त्री इतके अवघडले की त्यांनी त्यांना उगीचच झापलं, "ऑइल बदला नहीं चार महिना, उसका क्या?" मी तिथेच होतो. मला त्या दिवशी मेस्त्रींचा हेवा वाटला होता, हे कबूल करतो. माझ्या रिपोर्टवरून आजवर कोणी माझे हात डोळ्यांना लावलेले नाहीत.

जुना काढलेला पार्ट ते कधी स्वतःकडे ठेवत नसत. लूमवरून वाया गेलेल्या कोऱ्या कापडाची चिंधी घेत, त्यात तो पार्ट नीट गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देत. "तुजा हाय, घेऊन जा." माझ्या घरी अशी गाठोडी साठली होती. माझी बायको मंगल म्हणायची, "गाडी तर अख्खी घरात आली, आता रस्त्यावर फिरवता ती कोणाची?"

महिन्यातून एकदा मेस्त्री माझ्या मागे बसून अकलोलीला यायचे. त्यांचे गुडघे गेले होते, आयुष्यभर उकिडवं बसून दुसरं काय होणार? मी माझे नमुने गोळा करत फिरायचो, तोवर ते गरम पाण्याच्या कुंडात बसून राहायचे. वाटेत माझ्या खांद्यावर हात ठेवून "गियर उतर, गियर उतर, मारशील तिला" असं ओरडत राहायचे. गाडी चालवणं त्यांच्या मते मला कधी आलंच नाही. कुंडापाशी मात्र मला लाज वाटायची. तिथे लोक डोळे मिटून गप्प बसलेले असत, आणि मेस्त्री छातीइतक्या पाण्यातून मला हाक मारत, "डॉक्टर! टॉवेल आन रं!" सगळं कुंड वळून बघे. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, "हळू बोला बाबा, देवाचं ठिकान हाय." मेस्त्री तिच्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "हां हां, गरम हाय."

मी पण हसलो होतो. लूमच्या शेजारी राहणाऱ्यांचा आवाज असाच चढलेला असतो, हे मला ठाऊक होतं. नारपोलीत निम्मी माणसं घरातही ओरडूनच बोलतात. त्यामुळे त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. माझं काम दिवसभर माणसांच्या तब्येती तपासण्याचं, आणि इतक्या वर्षांत ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. याची मला अजून लाज वाटते.

मग भिंतीपलीकडची शेड बंद झाली. मालकाला धंदा परवडेना, त्याने लूम भंगारात काढले. दोन दिवस ट्रक येत-जात होते, तिसऱ्या दिवशी शेड रिकामी. चाळीसेक वर्षं चालू असलेला खडखडाट थांबला. गल्लीतले लोक म्हणाले, "मेस्त्री, तुमची चंगळ झाली, आता रोज शुक्रवार."

पण मेस्त्रींनी शुक्रवार सोडला नाही. मंगळवारी, बुधवारी गल्ली इतकी शांत असे की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात, आणि तरी मेस्त्री गिऱ्हाइकाला "शुक्रवारी ये" म्हणून परत पाठवत. लोकांना ते विक्षिप्तपणाचं वाटे, मलाही. आणि त्यांचा स्वभाव बदलत चालला होता. आता लोक गल्लीत साध्या आवाजात बोलायला लागले होते, आणि मेस्त्री दर दोन वाक्यांनी चिडत. "तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? नीट बोल!" गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे भावकीसारखी आपल्या वाट्याची जमीन विकली असती तर हे दिवस आले नसते.

याच दिवसांत माझ्या गाडीतून आवाज यायला लागला. पडघ्याच्या चढावर खालून टक-टक-टक. मंगलने तर सांगूनच टाकलं, "आता बास. नवी घ्या. कंबर मोडून घेईपर्यंत थांबणार का?" नवी घेणं माझ्याही मनात होतं, पण खरं सांगायचं तर निर्णय घेण्याचाच कंटाळा आला होता. मेस्त्रींनी एका शब्दात काय ते सांगावं आणि आपण मोकळं व्हावं, एवढीच इच्छा. मी बुधवारी गेलो. "शुक्रवारी ये." शुक्रवारी गेलो.

मेस्त्रींनी घड्याळ काढलं, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि माझं इंजिन स्पष्ट वाजत होतं. टक-टक-टक. समोरच्या टपरीवाल्यानेही मान वर करून बघितलं. मेस्त्रींचा दुसरा हात टाकीवर पसरलेला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"चालंल."

"मेस्त्री, खालून आवाज येतोय ना पण," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "चालंल बोल्लो ना. जा तू."

मी गेलो. आजवर त्यांचा शब्द चुकला नव्हता, आणि माझ्या कानांवर विश्वास ठेवण्यापेक्षा त्यांच्यावर ठेवणं सोपं होतं. पुढच्या मंगळवारी अंबाडीच्या पुढे भर रस्त्यात इंजिन जाम झालं. मागचं चाक गच्च धरलं गेलं आणि मी गाडीसकट फरफटत गेलो. मागून कंटेनर येत नव्हता, हे नशीब. कोपर सोललं, नमुन्यांचा डबा फुटला. कोणा कोणा माणसांचं रक्त डांबरावर सांडलं, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या. टेम्पोत गाडी घालून मी नारपोलीत आलो तेव्हा संतापाने माझं डोकं तापलं होतं. येताना पूर्ण भांडण मनात तयार केलं होतं.

मेस्त्रींनी माझ्या कोपराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि इंजिन उतरवायला घेतलं. त्यांची बायको डबा घेऊन आली होती. माझी अवस्था बघून काकींनी पदर तोंडाला लावला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "दोन वर्सं झाली रं. घरान मी बोलते ती भिंतीशी बोलते. कोनाला सांगू नको म्हनून माजी शपथ घातली ह्यांनी." मेस्त्रींची पाठ आमच्याकडे होती. ते पाना फिरवत राहिले. काकी काय बोलल्या ते त्यांना कळलं नाही, आणि मी तयार केलेलं भांडण तसंच राहिलं.

मग मला सगळं नव्याने दिसायला लागलं. टाकीवर पसरलेला तो हात. दोन वर्षं ते हाताने ऐकत होते. थरथरीवरून, ऑइलच्या वासावरून, गिऱ्हाइकाच्या तोंडावरून अंदाज बांधत होते आणि बहुतेक वेळा बरोबर येत होते. शुक्रवार सोडायचा नव्हता, कारण बाकी सहा दिवस कोणी त्यांची परीक्षा घेऊ नये.

रॉडचं बेअरिंग फुटलं होतं. मेस्त्रींनी क्रँक लेथवर नेऊन नवा रॉड बसवून आणला, बोअर-पिस्टन केलं, चार दिवस दुसऱ्या कुठल्याही गाडीला हात लावला नाही. मी म्हटलं, "मेस्त्री, राहू द्या, मी नवी घेतो." ते म्हणाले, "मी बिगडवली, मी करून देतो. मंग तू नदीत टाक."

शुक्रवारी त्यांनी बोलावलं. दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. इंजिन बसवून तयार होतं. त्यांनी गाडी सुरू केली आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ऐकायला कळावं लागत न्हाय. कान लागतो. लाव."

मी मूठ कानाला लावली. आधी नुसती घरघर. मग त्यांनी माझं मनगट धरून टोक हळूहळू सरकवलं, वरून खाली, खालून उजवीकडे. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता आणि ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मला नजर वळवावीशी वाटली. उजवीकडे, खाली, केसच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाच्या आत, अजूनही काहीतरी वाजत होतं. पहिल्यासारखं टक-टक नव्हे, पण एक घासल्यासारखा, सैल आवाज. नीट बसलेल्या वस्तूचा तो आवाज नव्हता, हे मलाही कळलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "छान चाललंय, मेस्त्री" म्हटलं असतं तर त्यांचे चार दिवस सार्थकी लागले असते, आणि गॅरेजही कदाचित वर्षभर चाललं असतं. पण मग पुढच्या शुक्रवारी दुसरं कोणीतरी "चालंल" ऐकून त्याच रस्त्याने निघालं असतं, कदाचित मागे बायकोला बसवून. लॅबमध्ये मी रोज वाईट रिपोर्ट छापतो, पण ते पेशंटच्या तोंडावर वाचून दाखवावे लागत नाहीत.

"आहे अजून," मी त्यांना ओठ दिसतील असं, मोठ्याने म्हटलं. "खाली. उजवीकडे."

मेस्त्रींनी हात पुढे करून चावी बंद केली.

"केस गेली," ते म्हणाले. "बेअरिंगची बैठकच गेली. इंजनचा नंबर केसवर आसतो, नवीन टाकली तं तो बदलंल, मंग हे इंजन ते न्हाय. सोड, डॉक्टर. नवी घे."

मग फडक्याला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनि माजा पन बघ कोनाकडं. तुज्या वळखीत आसंल कोन."

आमच्या लॅबच्या वर कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. पुढच्या आठवड्यात मी त्यांना तिथे घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखांतलं ऑइल काढायचा बराच प्रयत्न केलेला दिसत होता. तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक पेटीसारखी लहान खोली, आतून सगळीकडे स्पंज लावलेला. तिथल्या मुलीने त्यांना स्टुलावर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि मोठ्याने सांगितलं, "काका, आवाज आला की दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं."

दार लावून ती बाहेर मशीनपाशी बसली. मी तिच्या मागे उभा. ती खटका दाबायची आणि आत मेस्त्री बटण दाबायचे. खटका, बटण. खटका, बटण. मुलगी खूश झाली. "चांगलं आहे की ऐकू," ती म्हणाली. मीही क्षणभर खुळा झालो. मग मला काचेतून मेस्त्रींची नजर दिसली. ती त्या मुलीच्या बोटांवर होती.

मी न बोलता मुलीला खूण केली. तिने बघितलं, समजली, आणि आत जाऊन स्टूल भिंतीकडे फिरवून दिलं. मेस्त्री एकदा मागे वळून काचेतून माझ्याकडे बघून हसले, चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं. मग निमूटपणे पाठ करून बसले.

मुलीने खटका दाबला. आवाज वाढवून पुन्हा दाबला. आणखी वाढवला. शेवटी तर दार बंद असूनही त्या हेडफोनमधली बारीक शिट्टी मला बाहेर ऐकू यायला लागली. मेस्त्रींची पाठ अगदी ताठ होती, मान किंचित कललेली, अंगठा बटणावर तयार. ते मनापासून ऐकत होते.